ती जाहिरात छापू नका : मराठी वृत्तपत्रांच्या संपादकांना खुले पत्र

माननीय संपादक, व्यवस्थापक आणि जाहिरात विभागातील सर्व मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मी तालुक्याच्या गावी औषधांचं दुकान चालवतो. तुमचं वर्तमानपत्र रोज सकाळी माझ्या काउंटरवर येतं आणि दुपारपर्यंत बऱ्याच हातांतून फिरतं. तुमच्या बातमीवर माझ्या गिऱ्हाइकांचा जेवढा विश्वास आहे, तेवढाच आतल्या पानावरच्या जाहिरातीवरही आहे. दोन्ही एकाच कागदावर, एकाच नावाखाली छापलेलं असतं, मग त्यांनी फरक का करावा? ‘पेपरात आलंय’ एवढं म्हटलं की पुढचा प्रश्नच मिटतो. शुगर मुळापासून बरी, मुतखडा विरघळून जाणार, बायपास टळणार, मुलांची उंची वाढणार. कात्रण घडी घालून पाकिटात ठेवलेलं असतं. ते उलगडून माणूस माझ्यासमोर धरतो आणि विचारतो, आता इन्सुलिन बंद केलं तर चालेल ना?

या जाहिराती घेणं तुम्ही थांबवावं, एवढंच मागायला हे पत्र लिहितो आहे. त्यासाठी मी तुम्हाला व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्लंडमध्ये नेणार आहे. कारण या धंद्याचा हिशेब तिथे पुरता लिहून ठेवलेला आहे. गोळीत काय होतं, ती कितीला पडत होती, कितीला विकली जात होती, कोण मेलं आणि कोण गप्प बसलं, सगळं.

बीचमच्या गोळ्यांपासून सुरुवात करतो. थॉमस बीचम हा लहानपणी मेंढ्या राखणारा मुलगा. पुढे लँकेशायरमधल्या सेंट हेलेन्स गावी त्याने गोळ्यांचा धंदा उभा केला. ‘डबी एका गिनीच्या (म्हणजे एकवीस शिलिंगांच्या) मोलाची’ ही त्याची घोषणा. जाहिरातीत आजारांची रांगच असे : पोटात वारा, डोकेदुखी, घेरी, जेवल्यावर पोट फुगणं, थंडी वाजणं, अंगात उष्णता उसळणं, भूक मंदावणं, दम लागणं, बद्धकोष्ठ, अंगावर चट्टे, अपुरी झोप, भयानक स्वप्नं, हातापायांना कंप. एकदा ही यादी वाचून पाहा. यातलं एकही लक्षण नाही असा माणूस सापडणं कठीण, आणि लिहिणाऱ्याला तेच हवं होतं.

१९०९ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने घटक गुप्त ठेवून विकल्या जाणाऱ्या अशा औषधांचं रासायनिक पृथक्करण करून त्याचं पुस्तक छापलं. बीचमच्या गोळीत निघालं काय? काळा बोळ, म्हणजे कोरफडीचा वाळवलेला रस, शिवाय सुंठ आणि साबण. एक साधं रेचक. ५६ गोळ्यांची डबी एक शिलिंग दीड पेनीला मिळे, म्हणजे साडेतेरा पेनींना. आतल्या मालाचा खर्च अर्धा फार्दिंग, म्हणजे पेनीचा आठवा हिस्सा. माल आणि किंमत यांत शंभरपटीहून जास्त अंतर. त्यातली दीड पेनी सरकारी मुद्रांकाची होती. औषधाच्या वेष्टनावर करापोटी चिकटवलेला तो मुद्रांक बघून लोकांना वाटे, की सरकारने औषध तपासून पास केलं आहे. विकणाऱ्यांनी हा समज जाहिरातींतून वाढवलाच.

मग उरलेला पैसा गेला कुठे? तो गेला छापखान्यात. थॉमस होलोवेचं उदाहरण इथे सगळ्यांत स्पष्ट आहे. त्याने १८३७ मध्ये लंडनमध्ये मलम विकायला काढलं, मागाहून गोळ्या. सुरुवातीला जाहिरातींच्या देण्यापायी त्याला कर्जबाजाऱ्यांच्या तुरुंगाची हवा खावी लागली. तिथून बाहेर पडल्यावर त्याने जाहिरातीच वाढवल्या. १८४२ च्या सुमारास तो वर्षाला ५,००० पौंड जाहिरातींवर खर्चत होता. १८८३ मध्ये तो वारला, तेव्हा हा आकडा ५०,००० पौंडांवर गेला होता. जगातल्या कानाकोपऱ्यातल्या वर्तमानपत्रांत त्याच्या जाहिराती असत, हिंदुस्थानातल्या इंग्रजी पत्रांतही. जलोदर, फेफरे, गंडमाळा, मुतखडा, गाठी, व्रण, गुप्तरोग, जंत, अशक्तपणा, सगळ्यांवर तीच गोळी. सोबत एका उमरावाने इटलीतल्या लिव्होर्नोहून लिहिलेलं आभारपत्र, तेही वर्षानुवर्षं तेच.

होलोवेने मिळवलेल्या पैशातून एगम इथे मुलींसाठी भव्य कॉलेज बांधलं. १८८६ मध्ये खुद्द राणीने त्याचं उद्घाटन केलं. ते कॉलेज आजही आहे आणि तिथे शिकलेल्या मुलींचं भलंच झालं. ते मी नाकारत नाही. पण ज्या बाईच्या छातीतल्या गाठीवर ती गोळी वर्षभर चालली, तिचं ते वर्ष कोणत्याही इमारतीने भरून निघत नाही. निरुपद्रवी औषधानेही माणूस मरतो, कारण ते त्याचा वेळ खातं. दुकानात मला सगळ्यांत जास्त भीती याच गोष्टीची वाटते. पुडीत नुसती हळद असली तरी, ती घेणाऱ्याने इन्सुलिन थांबवलं की काय होतं ते मी पाहिलेलं आहे.

हे लोक घेत का होते, तेही सांगायला हवं. ते मूर्ख नव्हते. त्या काळची डॉक्टरकीच भरवशाची नव्हती. रक्त काढणं, पारायुक्त कॅलोमेल देणं हे सर्रास चाले. गिरणीतल्या मजुराला डॉक्टरची फी परवडत नसे आणि एक शिलिंगाची डबी परवडे. आजही माझ्यासमोर कात्रण धरणारा माणूस अडाणी असतो असं नाही. तो दर महिन्याच्या औषधांच्या खर्चाने थकलेला असतो. सरकारी दवाखान्याच्या रांगेत त्याचा दिवसाचा रोज बुडतो. आजार जन्मभराचा आहे हे त्याला मान्य करवत नाही. त्याच्या या थकव्यावर जाहिरात नेमकी बोट ठेवते.

‘वनस्पतीपासून बनवलेलं, म्हणून निर्धोक’ हे वाक्य तुमच्या पुरवण्यांत मी कैक वेळा वाचलं आहे. ते दोनशे वर्षं जुनं आहे. जेम्स मॉरिसन नावाच्या व्यापाऱ्याने १८२५ पासून ‘वनस्पतिजन्य सार्वत्रिक औषध’ विकलं. त्याचं तत्त्व एकच : सगळे आजार अशुद्ध रक्तातून होतात, आणि पोट साफ करणं हाच सगळ्यांवर उपाय. त्रास वाढला तर गोळ्या वाढवा, हा त्याचा सल्ला. त्या गोळ्यांत एका झाडाचा जहाल रेचक डिंक होता. व्हिक्टोरिया गादीवर येण्याच्या आदल्या वर्षी, १८३६ मध्ये, कॅप्टन मॅकेन्झी नावाचा माणूस या गोळ्यांचे ढीग खाऊन मेला. गोळ्या विकणारा एजंट रॉबर्ट सॅमन सदोष मनुष्यवधाच्या आरोपाखाली दोषी ठरला. शिक्षा झाली २०० पौंड दंडाची. धंदा चालूच राहिला.

मुलांबद्दल लिहिताना माझा हात जड होतो. गॉडफ्रेज कॉर्डियल हे तान्ह्या मुलांना शांत करायचं गोड औषध होतं, काकवीत कालवलेली अफू. आई गिरणीत जाई, मूल शेजारच्या म्हातारीकडे राही, म्हातारीकडे अशी बरीच मुलं असत आणि एक चमचा दिला की सगळी झोपत. प्रत्येक दुकानदार हे औषध आपापल्या मापाने बनवी. एका दुकानाच्या पातळ औषधाची सवय झालेल्या बाळाला दुसऱ्या दुकानाचं जास्त अफूचं औषध त्याच चमच्याने दिलं, की ते उठत नसे. अमेरिकेत १८४९ पासून मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप निघालं. त्यात मॉर्फिन होतं. दात येणाऱ्या बाळांसाठी म्हणून ते अटलांटिकच्या दोन्ही काठांवर खपलं. जाहिरातीत हसतमुख आई, मांडीवर गुबगुबीत बाळ. आतल्या मॉर्फिनचा उल्लेख कुठेच नाही. अमेरिकेत १९०६ चा कायदा आला आणि बाटलीवर मॉर्फिन लिहिणं भाग पडलं. तोवर दोन पिढ्या निघून गेल्या होत्या. हे आपल्याला लांबचं वाटायचं कारण नाही. मुंबईच्या गिरण्यांतल्या बायकाही कामावर जाताना तान्ह्यांना अफूची बाळागोळी देत. परिस्थिती तीच होती, भोंगा तोच होता.

क्लोरोडाइन तर हिंदुस्थानातच जन्माला आलं. जॉन कॉलिस ब्राउन या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने १८४८ मध्ये इथे असताना ते कॉलऱ्यावर म्हणून तयार केलं. अफूचा अर्क, भांगेचा अर्क आणि क्लोरोफॉर्म. जुलाब थांबत, कळा थांबत, झोप लागे. म्हणजे गुण येत होता, आणि म्हणूनच ते जास्त धोक्याचं होतं, कारण खोकल्यापासून निद्रानाशापर्यंत कशावरही घेणाऱ्यांना त्याची सवय लागे. इंग्लंडमध्ये १८६८ च्या फार्मसी कायद्याने अफूवर ‘विष’ असं लेबल लावणं बंधनकारक केलं होतं, पण पेटंट औषधांना त्यातून सूट होती. तीच अफू माझ्यासारख्या दुकानदाराने विकली तर विष, आणि नाव छापलेल्या बाटलीत भरली तर घरगुती औषध. १८९२ मध्ये खटला होऊन ही पळवाट बंद झाली.

आता तुमच्या कामाची गोष्ट. कायद्याचा अभ्यास केलेल्या कोणालाही कार्लिल विरुद्ध कार्बोलिक स्मोक बॉल कंपनी हा खटला पाठ असतो. तुमच्या विधी सल्लागारांना विचारा. १३ नोव्हेंबर १८९१ रोजी लंडनच्या पॅल मॅल गॅझेट या वर्तमानपत्रात जाहिरात आली. इन्फ्लुएंझाची साथ होती. रबरी चेंडूत कार्बोलिक ॲसिडची भुकटी भरलेली, नळी नाकाला लावून चेंडू दाबायचा. किंमत दहा शिलिंग. दिवसातून तीनदा, दोन आठवडे वापरूनही फ्लू झाला तर १०० पौंड बक्षीस, आणि आमच्या सच्चेपणाची खूण म्हणून १,००० पौंड अलायन्स बँकेत ठेवले आहेत, असं त्यात छापलं होतं. लुइझा कार्लिल या बाईंनी जाहिरात वाचून चेंडू घेतला, २० नोव्हेंबरपासून नेमाने वापरला आणि १७ जानेवारी १८९२ ला त्यांना फ्लू झालाच. त्यांनी १०० पौंड मागितले. कंपनीने दिले नाहीत. कंपनीच्या वकिलांचा एक युक्तिवाद असा होता, की जाहिरातीतली भाषा ही नुसती बढाई असते, शहाण्या माणसाने ती शब्दशः घ्यायची नसते.

अपील न्यायालयाने डिसेंबर १८९२ मध्ये तो फेटाळला. बँकेत पैसे ठेवल्याचं तुम्हीच छापलं, मग वाचणाऱ्याने ते खरं का मानू नये? बाईंना पैसे मिळाले. पण न्यायालयासमोर कंपनी होती, गॅझेट नव्हतं. ज्याच्या पानामुळे बाईंचा विश्वास बसला, त्याला कोणी काही विचारलं नाही. आपल्या वर्तमानपत्रांत बारीक टायपात चौकट असते : ‘या अंकात प्रसिद्ध झालेल्या जाहिरातींतील मजकुराशी संपादक सहमत असतीलच असे नाही, वाचकांनी स्वतः खात्री करून घ्यावी.’ ही चौकट वाचली की मला तो कंपनीचा वकील आठवतो. माझ्या गिऱ्हाइकाने कशी खात्री करून घ्यायची? त्याच्याजवळ प्रयोगशाळा नाही. त्याच्याजवळ तुमचं वर्तमानपत्र आहे.

गप्प बसण्याचा हिशेबही बघा. इंग्लंडमध्ये १८५३ मध्ये जाहिरातींवरचा कर गेला, १८५५ मध्ये वृत्तपत्रांवरचा मुद्रांक गेला, आणि एका पेनीत मिळणारी वर्तमानपत्रं निघाली. पेनीत कागदाचा खर्च भागवायचा तर जाहिराती हव्यात, आणि औषधवाले रोख मोजत. गावोगावच्या पत्रांचा पुष्कळसा डोलारा यांच्यावर उभा होता. १९०९ चं ते पृथक्करणाचं पुस्तक निघालं, तेव्हा अनेक वर्तमानपत्रांनी त्याची जाहिरात घ्यायलासुद्धा नकार दिला. पैसे देऊन छापून मागितलेलं सत्यही नको होतं. अमेरिकेत तर हे करारातच होतं. औषध कंपन्या वृत्तपत्रांशी जे करार करत, त्यांत एक कलम लाल शाईत छापलेलं असे : तुमच्या राज्यात औषधांच्या विक्रीवर निर्बंध आणणारा कायदा झाला, तर हा करार रद्द. असं विधेयक आलं की त्याविरुद्ध लिहायचं काम आपोआप संपादकाच्या गळ्यात पडे. कॉलियर्स साप्ताहिकाने १९०५ मध्ये हे उघड केलं. ज्या धंद्यात हे चाललं होतं, त्याच धंद्यातल्या लोकांनी ते बाहेर काढलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आणि नाही म्हणणारेही होते. लेडीज होम जर्नल या अमेरिकी मासिकाचे संपादक एडवर्ड बॉक यांनी १८९२ मध्ये जाहीर केलं, की यापुढे आम्ही औषधांच्या जाहिराती घेणार नाही. १९०५ मध्ये त्यांनी एक साधी गोष्ट केली. लिडिया पिंकहॅम या बाईंच्या नावाने स्त्रियांचं टॉनिक विकलं जाई आणि जाहिरातीत म्हटलेलं असे, की बायांनो, आपलं दुखणं मिसेस पिंकहॅमना पत्राने कळवा. हजारो बायका नवऱ्यालाही न सांगितलेलं त्यात लिहीत. बॉक यांनी ती जाहिरात छापली आणि शेजारी लिन गावच्या स्मशानातल्या पिंकहॅम बाईंच्याच थडग्याचा फोटो. थडग्यावर मृत्यूचं साल होतं १८८३. त्या मासिकाचं काय झालं म्हणाल, तर दहाएक वर्षांत त्याचे वर्गणीदार दहा लाखांवर गेले. जाहिरात नाकारली की वर्तमानपत्र बुडतं, असं मला तुमच्या व्यवसायातले लोक सांगतात, तेव्हा मी हे उदाहरण देतो.

ब्रिटिश संसदेची चौकशी समिती १९१२ मध्ये बसली. तिने खंडीभर साक्षी घेतल्या आणि स्पष्ट लिहिलं, की कोणीही काहीही कालवून कोणत्याही रोगावर इलाज म्हणून विकलं, तर त्याला अडवायला कायदा जवळपास असमर्थ आहे. अहवाल आला ४ ऑगस्ट १९१४ ला, ब्रिटन महायुद्धात उतरलं त्या दिवशी. मग तो कोणी वाचणार कसा?

आपल्याकडे मात्र कायदा आहे. औषधे आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा १९५४ चा कायदा. त्याच्या अनुसूचीत ५४ आजार आणि विकार आहेत : मधुमेह, कर्करोग, हृदयविकार, रक्तदाब, लठ्ठपणा, पक्षाघात, कोड, मोतीबिंदू, क्षय, उंची वाढवणं. होलोवेच्या यादीतले जलोदर, फेफरे, मुतखडा, गुप्तरोग हेही त्यात आहेत. या आजारांवर इलाज असल्याची जाहिरात प्रसिद्ध करण्यात कोणीही कोणत्याही प्रकारे भाग घ्यायचा नाही, असं कलम ३ म्हणतं. विकणाऱ्यापुरतं ते थांबत नाही, छापणाराही त्यात येतो. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. १९५९ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याचे काही भाग रद्द केले, पण त्याच निकालात सांगितलं, की अशा जाहिराती हे अभिव्यक्तिस्वातंत्र्य नव्हे.

हे आयुर्वेद विरुद्ध ॲलोपथी असं भांडण नाही, कृपा करून तसं वळण देऊ नका. माझ्या दुकानात दोन्ही कपाटं आहेत. बरा न होणारा आजार बरा करतो असं छापणारा कोणत्या पॅथीचा आहे, याने मला फरक पडत नाही.

मागणी अशी. ५४ आजारांची ती यादी तुमच्या जाहिरात विभागाच्या भिंतीवर लावा आणि त्यातल्या कुठल्याही आजारावर इलाजाचा दावा असेल, तर ती जाहिरात परत पाठवा, मग ती पूर्ण पानाची असो वा छोट्या जाहिरातींतल्या तीन ओळी. वार्ताहराच्या बातमीसारख्या टायपात, फोटोसकट, ‘रुग्णांचे अनुभव’ म्हणून छापला जाणारा पैसे घेतलेला मजकूर बंद करा. जाहिरात एजन्सीकडून आलेल्या मजकुराला औषध प्रशासनाचा कोणता परवाना क्रमांक आहे, ते विचारा आणि कायद्याखाली खटला झाला की त्याची बातमी कंपनीच्या नावासकट द्या. जाहिरात जेवढ्या जागेत आली होती, तेवढ्याच जागेत.

तुमच्यापैकी जे वर्तमानपत्र हे करेल, त्याने आपल्या दरपत्रकावर तशी एक ओळ छापावी. त्या दरपत्रकाची प्रत मी माझ्या दुकानात दर्शनी भागात लावीन, आणि तालुक्यातल्या इतर औषध दुकानदारांनाही तसं करायला सांगेन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक नोंदणीकृत औषधविक्रेता आणि आपला रोजचा वाचक